आठ इंची दुर्बिणीतून एनजीसी १३६५चा दांडा दिसेल का?

तुमचे प्रश्न तीन आहेत. सातारा जिल्ह्यातून आठ इंची एफ/६ डॉबमधून (डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची परावर्तक दुर्बीण) तुम्ही एनजीसी १३६५ ही दांडा असलेली सर्पिल दीर्घिका शोधलीत आणि धुरकट ठिपक्यापलीकडे काही दिसलं नाही. तर फोटोत दिसतो तो आडवा दांडा आपल्याकडून दिसणं शक्य आहे का? तो दांडा म्हणजे नेमकं काय, ताऱ्यांची एकसंध पट्टी की दिसण्याचा खेळ? आणि या एका दीर्घिकेसाठी बारा इंची घ्यावी का? पहिल्याचं उत्तर हो. तिसऱ्याचं उत्तर शेवटी देतो. सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते दुसऱ्यावर. दांडा काय करतो हे एकदा कळलं की आयपीसमध्ये कुठे बघायचं तेही कळतं.

आधी जागेचं बघू. ही दीर्घिका फोर्नॅक्स तारकासमूहात आहे, खगोलीय विषुववृत्ताच्या ३६ अंश दक्षिणेला. लंडनहून ती क्षितिजापासून जेमतेम अडीच अंश वर येते, म्हणजे येतच नाही. ब्रिटनमध्ये लिहिलेल्या निरीक्षणाच्या पुस्तकांत तिला दोन ओळी मिळतात त्या यामुळे, आणि आपण तीच पुस्तकं वाचून ‘दक्षिणेकडची, आपल्याला कठीण’ असं धरून चालतो. प्रत्यक्षात ती पुण्याहून ३५ अंश, साताऱ्याहून ३६, कोल्हापूरहून ३७ आणि गोव्यातून ३८ अंशांपर्यंत चढते. नागपूरकरांना ३३वर समाधान मानावं लागतं. ३५ अंशांवर आपण डोक्यावरच्या हवेच्या पावणेदोन पट जाड थरातून बघत असतो. नुकसान आहे, पण हताश व्हावं इतकं नाही. तुमच्या गावातून ती ३० अंशांच्या वर सुमारे पावणेचार तास राहते. बघायची ती त्याच वेळात. त्याआधी किंवा नंतर बघून ‘ठिपकाच दिसला’ म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे.

डिसेंबरच्या सुरुवातीला ती रात्री सव्वाअकराच्या आसपास सर्वांत उंच असते, नाताळच्या सुमारास दहाच्या जरा आधी, संक्रांतीला साडेआठच्या सुमारास. फेब्रुवारीत अंधार पडेपर्यंत ती पश्चिमेकडे कलू लागते. म्हणजे डिसेंबर आणि जानेवारीच्या अमावास्या हाच तिचा खरा हंगाम.

जागा निवडताना आपल्याकडे एक गोष्ट हमखास विसरली जाते. लोक ‘गावापासून दूर’ एवढंच बघतात. दक्षिणेकडची वस्तू बघायची तर गावाच्या दक्षिणेला जायला हवं, म्हणजे गावाचा उजेड पाठीमागे राहतो. शहराच्या उत्तरेला चाळीस किलोमीटर जाऊन दक्षिणेकडे दुर्बीण वळवली, तर त्या शहराच्याच उजेडाच्या घुमटातून बघत बसाल. तुमच्या जिल्ह्यात कृष्णाकाठचा ऊसपट्टा हिवाळ्यात टाळलेला बरा. पाचट पेटवल्याचा धूर आणि पहाटेचं धुकं दोन्ही जमिनीलगत साचतात, आणि ३५ अंशांवर त्याचा फटका बसतो. माण-खटावकडची कोरडी हवा याला उत्तम. दुर्बिणीच्या दक्षिणेला पत्र्याचं छप्पर, सिमेंटची गच्ची किंवा नुकतीच बंद केलेली गाडी नको. दिवसभर तापलेल्या पत्र्यावरून उठणारी हवा प्रतिमा अक्षरशः उकळवते.

आता शोधायचं कसं. एरिडॅनसमध्ये, म्हणजे आपल्या यमुनेत, जी, एफ आणि एच या चौथ्या-पाचव्या प्रतीच्या (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद) ताऱ्यांचा छोटा त्रिकोण आहे. अंधाऱ्या जागेहून तो नुसत्या डोळ्यांना दिसतो. त्यातला उत्तरेकडचा जी एरिडानी आपल्या दीर्घिकेच्या जवळजवळ बरोबर पूर्वेला, सव्वातीन अंशांवर आहे. इक्वेटोरियल माउंट (आकाशाच्या फिरण्याशी जुळवलेली बैठक) असलेल्यांनी नुसता विषुवांश, म्हणजे पूर्व-पश्चिम अक्ष, फिरवावा; क्रांतीला, म्हणजे उत्तर-दक्षिण अक्षाला, हात लावू नये. डॉबवाल्यांसाठी याहून सोपी युक्ती आहे. जीच्या पश्चिमेला साडेचार अंशांवर ‘काय-२ फोर्नॅसिस’ (काय म्हणजे ग्रीक अक्षर χ) हा ५.७ प्रतीचा नारिंगी छटेचा तारा आहे. शेजारी त्याच नावाच्या मालिकेतले आणखी दोन मंद तारे आहेत, त्यामुळे ओळख चुकत नाही. तो २५ मिमी आयपीसच्या मधोमध आणा. मग नळी अर्ध्या अंशाहून किंचित कमी खाली घ्या, इतकी की तारा वरच्या, म्हणजे उत्तरेच्या काठाशी जेमतेम आत राहील. (डॉबमध्ये प्रतिमा उलटी असते, तेव्हा हा ‘वरचा’ काठ आयपीसमध्ये खाली दिसेल.) आता दुर्बिणीला हात न लावता सहा मिनिटं थांबा. आकाश सरकत राहील आणि एनजीसी १३६५ आपण होऊन क्षेत्राच्या मध्यावर येईल, कारण ती त्या ताऱ्यापेक्षा विषुवांशात सहा मिनिटं मागे आणि २७ कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) दक्षिणेला आहे. दीर्घिका मध्यान्हवृत्ताजवळ, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळ असताना ही युक्ती नेमकी चालते, कारण तेव्हाच ‘खाली’ म्हणजे ‘दक्षिण’ असतं.

तुम्ही बघितलेला धुरकट ठिपका बहुधा दीर्घिकेचा गाभा होता. २५ मिमी आयपीसच्या ४८ पट वर्धनाला तेवढाच उठून दिसतो. तिथून १० मिमी आयपीसवर, म्हणजे १२० पटीवर जा. अनेक जण मंद दीर्घिकेला वर्धन वाढवायला घाबरतात. पार्श्वभूमी काळी झाल्यावर छोट्या तपशिलांना फायदाच होतो. खुर्चीवर बसा, कारण ३५ अंशांवर आठ इंची डॉबचा आयपीस वाकून बघण्याच्या उंचीला येतो आणि अवघडलेल्या मानेने कोणीच नीट बघत नाही. डोक्यावर काळं कापड घ्या. दहा मिनिटं डोळा आयपीसवरून काढू नका.

दांडा शोधण्याची सर्वांत चांगली खूण आकाशच देतं. या दीर्घिकेचा दांडा जवळजवळ नेमका पूर्व-पश्चिम आहे. म्हणजे डॉबमध्ये दीर्घिका ज्या दिशेने सरकताना दिसते, त्याच रेषेत दांडा आहे. गाभ्याच्या पुढे-मागे, सरकण्याच्या दिशेत, दीडेक कला अंतरापर्यंत फिकट पट्टी दिसते का ते तिरक्या नजरेने, म्हणजे थेट तिच्यावर न बघता जरा बाजूला बघून, बघा. मधून मधून नळीला हलकी टिचकी मारा. स्थिर फिकटपणापेक्षा हलणारा फिकटपणा डोळा लवकर पकडतो. पट्टी पक्की झाली की सरकण्यात पुढे असलेल्या, म्हणजे पश्चिमेच्या टोकापाशी या. तिथून एक भुजा उत्तरेकडे वळते. आठ इंचीत चांगल्या रात्री या वळणाची सुरुवात आकड्यासारखी जाणवते. पूर्व टोकाकडून दक्षिणेला जाणारी दुसरी भुजा जास्त हट्टी आहे. तिची वाट बघत रात्र घालवू नका.

फोटोंची तुलना इथे करू नये, पण सगळेच करतात, म्हणून सांगतो. जो प्रसिद्ध फोटो तुमच्या डोळ्यांसमोर आहे तो बहुधा चिलीतल्या सेरो तोलोलोच्या ४ मीटर ब्लांको दुर्बिणीवरच्या डार्क एनर्जी कॅमेऱ्याचा असावा. ५७० मेगापिक्सेलच्या त्या कॅमेऱ्याने सप्टेंबर २०१२ मध्ये पहिला प्रकाश टिपला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या लक्ष्यांत ही दीर्घिका होती. तुमची तुलना करायची तर जेम्स डनलॉपशी करा. ऑस्ट्रेलियात पॅरामाटाहून १८२६ मध्ये त्याने ती प्रथम नोंदवली, नऊ इंची परावर्तक दुर्बिणीतून. त्या काळचे आरसे स्पेक्युलम धातूचे, म्हणजे तांबं-कथिलाच्या मिश्रधातूचे. दोन परावर्तनांत निम्म्याहून अधिक प्रकाश वाया जायचा. तुमच्या आठ इंची आरशातून डनलॉपपेक्षा जास्त प्रकाश डोळ्यात पोचतो. त्याला फक्त एक सोय होती: दीर्घिका त्याच्या जवळजवळ डोक्यावर होती.

आता दांडा म्हणजे काय.

एनजीसी १३६५ आपल्यापासून सुमारे ५.६ कोटी प्रकाशवर्षांवर आहे. हे अंतर हबल दुर्बिणीने तिच्यातले सेफीड तारे (ज्यांच्या तेजाच्या चढउतारावरून अंतर कळतं) मोजून काढलं. फोर्नॅक्स दीर्घिकासमूहाचं अंतर पक्कं करण्यासाठी १९९०च्या दशकात तिची मुद्दाम निवड झाली होती. (माण-खटावच्या ज्या काळ्या खडकावर तुम्ही डॉब मांडाल, तो या प्रकाशाहून सुमारे एक कोटी वर्षांनी जुना आहे.) तिचा व्यास दोन लाख प्रकाशवर्षांच्या घरात आणि नुसता दांडाच सुमारे पन्नास हजार प्रकाशवर्षं लांब.

सर्पिल भुजा समजावताना घाटातल्या ट्रॅफिक जॅमचा दाखला नेहमी दिला जातो: गाड्या पुढे जात राहतात, कोंडी तिथेच राहते. भुजांसाठी तो बऱ्यापैकी चालतो. दांड्याला मात्र तोच दाखला लावतात आणि गोंधळ होतो, कारण दांड्यातले तारे बहुतांश दांड्यातच राहतात. दीर्घिकेच्या मध्यभागातल्या ताऱ्यांच्या कक्षा गोल न राहता लांबट होतात, आणि या लांबट कक्षा एकाच दिशेला रांगेत येतात. रांगेत आलेल्या कक्षांचं एकत्रित गुरुत्वाकर्षण आजूबाजूच्या ताऱ्यांच्या कक्षाही त्याच दिशेला ओढतं. एकदा सुरू झालं की ते स्वतःलाच बळ देत जातं. तारे आपापल्या लांबट कक्षेत दांड्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जात राहतात, आणि तो अख्खा आकार एकसंध वस्तूसारखा सावकाश फिरतो. त्याला एका फेरीला सुमारे ३५ कोटी वर्षं लागतात. तेव्हा ‘एकसंध पट्टी की भास’ या तुमच्या प्रश्नाला दोन्ही बाजूंनी नकार आहे. आकार खरा आहे, त्याचं गुरुत्वाकर्षण खरं आहे, पण तो कक्षांचा बनलेला आहे.

खरी गंमत वायूची आहे. तारे एकमेकांच्या शेजारून निघून जातात, धडकत नाहीत. वायूचे ढग मात्र एकमेकांतून पार होऊ शकत नाहीत. दांड्याच्या फिरत्या गुरुत्वाकर्षणात सापडलेला वायू दांड्याच्या पुढच्या कडेला आदळतो, दाबला जातो आणि आपला कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, गमावतो. संवेग गेला की कक्षा टिकत नाही. वायू आत घसरतो. मोठ्या दुर्बिणींच्या फोटोत दांड्यातून गाभ्याकडे जाणाऱ्या दोन काळपट धुळीच्या रेघा दिसतात, त्या म्हणजे ही आदळण्याची जागा. आपल्याला दिसतात त्या रेघा, पण तिथे प्रत्यक्षात दीर्घिकेच्या बाहेरच्या भागातला माल मध्याकडे वाहून येतो आहे.

तो माल थेट केंद्रापर्यंत पोचत नाही. गाभ्याभोवती एका ठराविक अंतरावर कक्षांचं दांड्याशी असं काही अनुनादी नातं (फेऱ्यांच्या ठेक्यांचा मेळ) जुळतं की वायू तिथे अडकून कड्यासारखा साठतो. या अनुनादांना लिंडब्लाड हे नाव आहे, स्वीडनच्या बर्टिल लिंडब्लाड यांच्यावरून. त्यांचे पुत्र पेर ओलोफ लिंडब्लाड यांनी याच एका दीर्घिकेवर वर्षानुवर्षं काम केलं आणि १९९९ मध्ये तिचा सविस्तर आढावा लिहिला. वडिलांचं गणित मुलाने एका दीर्घिकेवर पडताळून बघावं असा योग विज्ञानात विरळाच. कड्यात वायू दाटला की तारे झपाट्याने जन्मतात. धुळीमुळे ते दृश्य प्रकाशात नीट दिसत नाहीत. जेम्स वेब दुर्बिणीच्या मिरी कॅमेऱ्याने घेतलेली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली अवरक्त प्रतिमा बघा: गाभ्यापाशी उजळ गाठी आहेत आणि भुजांमध्ये वायूचे बुडबुडे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील संशोधकांनी आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाच्या अतिनील दुर्बिणीने हेच कडं आणि त्यातला सक्रिय गाभा वेगळे करून अभ्यासले आहेत. म्हणजे तुम्ही जिच्यामागे लागला आहात, तिच्यावर तुमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर व्यवसाय म्हणूनही काम चालतं.

कड्याच्याही आत कृष्णविवर आहे. त्याचं वस्तुमान साधारण वीस लाख सूर्यांएवढं धरलं जातं. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचं कृष्णविवर ४३ लाख सूर्यांचं, म्हणजे दुपटीहून मोठं. तरी आपलं शांत आहे आणि तिचं क्ष-किरणांत झगमगतं. कृष्णविवर किती मोठं यापेक्षा त्याला खायला किती मिळतं हे महत्त्वाचं, आणि एनजीसी १३६५ मध्ये त्याचा पुरवठा दांड्याच्या वाटेने सुरू होतो. आपल्या आकाशगंगेलाही दांडा आहे. पण तो लहान आहे, आणि सध्या तरी आपलं केंद्र उपाशी आहे.

याच गाभ्यावर २००६ मध्ये चंद्रा या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीने एक ग्रहण पाहिलं. वायूचा एक ढग कृष्णविवराभोवतीच्या तप्त तबकडीसमोरून गेला आणि दोन दिवसांत क्ष-किरण झाकले जाऊन पुन्हा उघडे झाले. त्या वेगावरून तबकडीचा आकार काढता आला: सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे सातपट. दोन लाख प्रकाशवर्षांच्या दीर्घिकेत इतकी लहान गोष्ट मोजता येणं, तेही फोटोत कुठेच न दिसता, मला आजही अचाट वाटतं. पुढे नूस्टार आणि एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण दुर्बिणींनी २०१२ मध्ये तिचा एकत्रित अभ्यास केला आणि कृष्णविवर किती वेगाने फिरतं ते काढलं. सिद्धांत परवानगी देतो त्या कमाल वेगाच्या किमान ८४ टक्के. हा निष्कर्ष २०१३ मध्ये आला.

तुमच्या दुर्बिणीच्या आवाक्यातली एक गोष्ट राहिली. या दीर्घिकेत १९५७, १९८३, २००१ आणि २०१२ मध्ये अतिनवतारे (स्फोट होऊन अचानक उजळणारे तारे) दिसले. २००१चा ऑस्ट्रेलियातल्या रॉबर्ट इव्हान्स या धर्मोपदेशकांनी शोधला, आणि तोही हौशी दुर्बिणीला डोळा लावून. २०१२चा, एसएन २०१२एफआर, बाराव्या प्रतीपर्यंत उजळला होता. आठ इंचीला तो आपल्याकडूनही जड गेला नसता. म्हणून दीर्घिकेभोवतीचे तारे कागदावर एकदा नीट काढून ठेवा. चांगल्या नकाशाशी पडताळा. पुढच्या प्रत्येक हिवाळ्यात आधी ते रेखाटन बघा, मग आयपीस.

सरावासाठी आधी एनजीसी १०९७ घ्या. तीही फोर्नॅक्समध्ये, दांड्याची, आणि सहा अंश उत्तरेला असल्याने आपल्याकडून ४२ अंशांपर्यंत चढते. बीटा फोर्नॅसिसच्या दोन अंश उत्तरेला सापडेल. तिचा लांबट गाभा लवकर हाती लागतो आणि डोळा तयार होतो. एनजीसी १३०० मात्र आत्ता नको. फोटोत ती दांड्याच्या दीर्घिकांची राणी आहे, आठ इंचीत नुसतं पुसट वाफेसारखं काहीतरी. १३६५ झाल्यावर तिच्या ईशान्येला सव्वा अंशावर एनजीसी १३९९ बघा. ती फोर्नॅक्स समूहाच्या मध्याची लंबवर्तुळाकार दीर्घिका आहे, गोल आणि दांड्याशिवाय. दोन्ही लागोपाठ बघितल्या की ‘लांबट’ आणि ‘गोल’ यातला फरक नजरेत बसतो आणि आपण दांडा मनाने तर बघत नाही ना, ही शंका फिटते.

बारा इंचीबद्दल: घेऊ नका, निदान या हिवाळ्यात तरी. बारा इंचीत आठ इंचीच्या सव्वादोन पट प्रकाश येतो आणि उत्तरेची भुजा बऱ्यापैकी मोकळी होते, हे खरं. पण ती जड असते, गाडीत एकट्याने चढवणं जिकिरीचं, आणि मग ती घराच्या गच्चीवरूनच वापरली जाते. गावातल्या गच्चीवरच्या बारा इंचीपेक्षा माणच्या माळावरची आठ इंची या दीर्घिकेत जास्त दाखवते. त्या पैशातला थोडा भाग एका चांगल्या १० मिमी आयपीसवर आणि उरलेला पेट्रोलवर घाला. डिसेंबर-जानेवारीच्या दोन अमावास्या नीट वापरूनही पश्चिमेचा आकडा दिसला नाही, तर मग बारा इंचीचं बोलू.